शिसपेन्सिलीची नोंद: सात-बारा संगणकावर आला त्याची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, यात इतिहास कुठला? सॉफ्टवेअर, लॅपटॉप, सर्व्हर या कालपरवाच्या गोष्टी. पण वसईत राहून आम्ही हा विषय जितका पाहिला, तितकं लक्षात आलं की संगणकावर जे अडलं, त्याची मुळं शंभर नाही तर चांगली साडेचारशे वर्षं मागे जातात. म्हणून आज आपण किल्ल्यावर नाही, तलाठ्याच्या सजावर जाणार आहोत.

जगभर या विषयाचा अभ्यास होतो: कचेरीत नवी माहितीप्रणाली आणली की ती का रुजते, का रुजत नाही. त्यातला एक जुना आणि आपल्या जवळचा दाखला आधी सांगून टाकतो. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. मिलने नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन काही वाढेना. मागात खोट नव्हती. कामाची वाटणी अशी केली होती की कोण कुणाबरोबर काम करतो, हेच कामगारांना कळत नव्हतं. गट बांधून काम दिलं आणि आकडे बदलले. यंत्र तेच, माणसं तीच. हा दाखला मनात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

आता आपल्या गावाकडे.

जमिनीची मोजदाद आणि नोंद हा वसईला नवा प्रकार नाही. पोर्तुगीजांचा महसूल अधिकारी सिमाव बोतेल्यू याने १५५४ मध्ये जो ‘तोंबो’ तयार केला, त्यात वसईच्या उत्पन्नाची नोंद आहे. कुठल्या गावातून काय येतं, कुणाकडे काय आहे, याची ती सरकारी वही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि दप्तर मराठी झालं, म्हणजे मोडी झालं. नंतर इंग्रज आले. राज्य बदललं की लिपी बदलली, मापं बदलली, कारकून बदलले. वाडीत केळी लावणारा माणूस मात्र तोच राहिला. त्याचं नाव दर वेळी कुणीतरी नव्याने ऐकून नव्याने लिहिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे संगणकाने याच जागी पाय अडकवून घेतला.

आज आपण ज्याला सात-बारा म्हणतो त्याचा पाया इंग्रजांच्या काळातला. १९०३ च्या मुंबई हक्कनोंदणी कायद्याने जमिनीवर कुणाचा काय हक्क, हे लिहून ठेवायची पद्धत सुरू केली. त्या आधी सरकारला मुख्यतः सारा कोण भरणार एवढ्यातच रस होता. मग अँडरसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने गावाच्या महसुली हिशेबाचं जे मॅन्युअल केलं, ते इतकं चाललं की महसूल खात्यातली जुनी माणसं अजून ‘अँडरसन मॅन्युअल’ असंच म्हणतात. गाव नमुने एक ते एकवीस. त्यातला सहावा म्हणजे फेरफार नोंदवही, सातवा म्हणजे अधिकार अभिलेख, बारावा म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खातं. सातवा आणि बारावा एका कागदावर, म्हणून सात-बारा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही ही मांडणी ठेवली.

ही पद्धत हुशार होती, हे मान्य करायला हवं. तिच्यात एक छोटी गोष्ट होती जिच्यावर आम्ही फार वेळ घालवला: शिसपेन्सिल. कुणी जमीन विकली किंवा कुणी वारलं, की तलाठी फेरफार नोंद घालायचा, संबंधितांना नोटीस द्यायचा, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचा. तोवर सात-बारावर बदल पेन्सिलीने लिहिलेला असे. मंडळ अधिकारी, म्हणजे आपल्या भाषेत सर्कल, यांनी नोंद मंजूर केली की त्याच्यावर शाई फिरायची. पेन्सिल म्हणजे ‘अजून ठरलं नाही’. कागद बघणाऱ्या कुणालाही एका नजरेत कळायचं की इथे काहीतरी चालू आहे, जपून. संगणकात पेन्सिल कशी आणायची? एक तर नोंद आहे, नाही तर नाही. या एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर शोधायला बरीच वर्षं गेली. आज डिजिटल सात-बाऱ्याच्या तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ अशी ओळ दिसते ना, आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख? २०२० च्या नव्या नमुन्यातली ती ओळ म्हणजे तीच जुनी शिसपेन्सिल. आमच्या मते त्या नमुन्यातली सगळ्यात शहाणपणाची सुधारणा तीच.

संगणकीकरणाची सुरुवात केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत केली. महाराष्ट्रातून वर्धा निवडला होता. पुढच्या दशकात योजना राज्यभर पसरली. कल्पना साधी होती: हस्तलिखित सात-बारा बघायचा आणि टाइप करायचा. हे ऐकायला टायपिंगचं काम वाटतं आणि चूक इथेच झाली, कारण तसंच ते दिलंही गेलं. बऱ्याच ठिकाणी टंकन करणारी माणसं बाहेरची होती. त्यांना गाव माहीत नव्हतं, तलाठ्याचं अक्षर माहीत नव्हतं, ‘सदर’ आणि ‘वरीलप्रमाणे’ कुठल्या ओळीकडे बोट दाखवतंय हे माहीत नव्हतं. पानाच्या कडेला तिरकं लिहिलेलं, लाल शाईने कंस केलेलं, मधल्या नावावर आडवी रेघ मारून ‘मयत’ लिहिलेलं, हे सगळं वाचायला एक वेगळं शिक्षण लागतं. ते फक्त तलाठ्याकडे होतं आणि तलाठी त्या खोलीत नव्हता.

वसईत तर यापुढचा पेच. इथली नावं बघा. समजा एका वाडीच्या जुन्या सात-बाऱ्यावर ‘पावलू बस्त्याव लोपीस’ आहे. तलाठ्याने जसं ऐकलं तसं लिहिलं, आणि त्या काळात घरात, गावात त्याला सगळे तेच म्हणायचे. काही चूक नाही. शाळेच्या दाखल्यावर तोच माणूस पॉल सॅबेस्टियन लोपेस. आधारकार्डावर आणखी तिसरं काही. डिसोजा, डिसोझा, डिसूझा. गोन्साल्विस, घोन्साल्विस, गोन्सालवीस. परेरा, पेरेरा. पोर्तुगीज नाव, ते कुपारी किंवा कोळी उच्चारातून गेलं, मग मोडीत उतरलं, मोडीतून बालबोधीत, आणि शेवटी कीबोर्डावर. प्रत्येक वळणावर थोडं घासलं गेलं. कागदाच्या जगात याने कुणाचं बिघडत नव्हतं. तलाठी ओळखत होता, शेजारी ओळखत होते, पावलूचा पोर कोण हे अख्खी आळी सांगू शकत होती. संगणक ओळखत नाही. त्याला अक्षर जुळायला लागतं. लोपीस शोधलं की लोपेस सापडत नाही.

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांचा आहे असं समजू नका. पाटील आणि पाटिल यात संगणकाला दोन माणसं दिसतात. आणि पूर्वेला, कामण, पारोळ, भाताणे या पट्ट्यातल्या आदिवासी खातेदारांच्या जुन्या नोंदीत कित्येकदा आडनावच नाही, फक्त माणसाचं आणि बापाचं नाव.

त्यात त्या काळात मराठी टायपिंगचीच बोंब होती. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येक फॉन्टची कळफलकाची मांडणी वेगळी. एका मशीनवरचं दुसऱ्यावर उघडलं की चित्रलिपी. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड पुढे आणले म्हणून निदान काम तरी सुरू झालं. पण ज्या तलाठ्याने आयुष्यभर टाकाने, मग बॉलपेनने लिहिलं, त्याला वयाच्या पन्नाशीत ‘क्ष’ कुठल्या कळीवर हे शोधायला लावलं, त्याची चेष्टा करू नये असं आम्हाला वाटतं.

दुसरा पेच क्षेत्राचा. हा जरा नीट ऐका, कारण सगळी गंमत यात आहे. पूर्वी जमीन एकर-गुंठ्यांत, हिस्सा आण्या-पैंत. मग दशमान आलं: हेक्टर, आर, चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, दशमानात ०.४०.४७. समजा एक एकराचे तीन भावांत सारखे हिस्से. नीट भागलं तर प्रत्येकी ०.१३.४९. पण तलाठ्याने सोयीसाठी प्रत्येकी ०.१३.५० लिहिलं. तीन हिश्शांची बेरीज ०.४०.५०. मूळ क्षेत्रापेक्षा तीन चौरस मीटर जास्त. एक सतरंजी अंथरण्याएवढी जागा! कागदावर साठ वर्षं हे असंच पडून होतं, कुणाचं काही अडलं नाही. सॉफ्टवेअरला मात्र हिश्शांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळायलाच हवी. नाही जुळली तर पुढचा फेरफारच होत नाही. म्हणजे भावाभावांत वाद नाही, खरेदीदाराशी वाद नाही, तरी व्यवहार अडकला, आणि का, तर आजोबांच्या वेळच्या तलाठ्याने आकडा गोल केला म्हणून.

इथे दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक बाजू म्हणते, नियम कडक हवाच, नाहीतर ही घाण कधीच साफ होणार नाही. दुसरी बाजू म्हणते, कागदात जी लवचीकता होती ती ढिलाई नव्हती, ती गावाची सोय होती. आम्हाला पहिली बाजू पटते, पण एका अटीवर: साफसफाईला लागणारी माणसं आणि वेळ आधी द्या. तसं झालं नाही.

आणि आणखी एक गोष्ट झाली, जी या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. संगणकावरचे सात-बारे तालुक्यातून मिळू लागले तरी हस्तलिखित सात-बारा बंद झाला नाही. दोन्ही चालू. नोंद आली की तलाठी आपल्या वहीत ती घालणार, कारण ती त्याची खरी वही; संगणकावर चढेल तेव्हा चढेल. काही वर्षांतच एकाच जमिनीचे दोन सात-बारे झाले आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. बँकेत एक चालायचा, कोर्टात दुसरा मागायचे.

शेजारच्या कर्नाटकाने याच काळात उलट केलं. ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर घेतले आणि २००१-०२ च्या सुमाराला तालुक्यामागून तालुक्यात हस्तलिखित उताऱ्याची मान्यता काढून घेतली. तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपये भरा, उतारा घ्या. ग्रामलेखापालाला दुसरी वही ठेवायची सोयच उरली नाही. जगभर त्याचं कौतुक झालं. नंतर बंगळुरूच्या आसपास अभ्यास करणाऱ्यांनी दुसरी बाजूही दाखवली: उतारे सहज एका जागी दिसू लागल्यावर त्याचा फायदा जमिनी गोळा करणाऱ्या मोठ्या माणसांनी जास्त उचलला. वसई-विरारच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ३ जुलै २००९ ला वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या वर गेली होती. इथे गुंठ्याला काय किंमत आली ते तुम्ही जाणता. जिथे जमिनीला भाव नाही, तिथे सात-बाऱ्यातली चूक ही चूक असते. जिथे भाव आहे, तिथे ती कुणासाठी तरी संधी असते.

केंद्राचा नवा भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम २००८ मध्ये आला. त्यानंतरच्या वर्षांत पुण्याचं जमाबंदी आयुक्त कार्यालय आणि एनआयसी यांनी मिळून ई-फेरफार उभं केलं. आता नुसता उतारा छापायचा नव्हता, नोंदच संगणकावर घालायची होती. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती थेट महसूलकडे. तलाठी संगणकावर फेरफार घेणार, नोटीस काढणार, सर्कल डिजिटल सहीने मंजूर करणार, सात-बारा आपोआप बदलणार. पण त्यासाठी आधी जुना आणि टाइप केलेला सात-बारा एकमेकांशी जुळवून घ्यायला हवा. त्यासाठी ‘एडिट मॉड्यूल’ आणि मग ‘री-एडिट’. म्हणजे पहिल्यांदा तलाठ्याला बाजूला ठेवून जे केलं, ते दुसऱ्यांदा तलाठ्याकडूनच करून घ्यायचं. राज्यात सात-बारे अडीच कोटींच्या घरात, गावं सुमारे ४४ हजार, आणि तलाठी बारा हजारांच्या आसपास. एकेकाकडे तीन-चार गावं. शिवाय निवडणुका, पंचनामे, अनुदानं, दाखले, हे सगळं चालूच.

काम कुठे करायचं, हाही प्रश्न होता. सजावर नेट नाही, असेल तर वीज नाही. सर्व्हर दिवसा चालेना, म्हणून रात्री जागून नोंदी करणारे तलाठी आम्ही पाहिले आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या खोलीत दहाजण लॅपटॉप घेऊन बसलेत, बाहेर शेतकरी ताटकळतोय, ‘भाऊसाहेब, झालं का?’ आणि भाऊसाहेब गोल फिरणाऱ्या चाकाकडे बघतायत. २०१६ मध्ये तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांनी राज्यभर आंदोलन केलं. त्यांच्या मागण्यांत संगणकीकृत सात-बारा आणि ई-फेरफार प्रणालीतल्या अडचणी दूर करा, सर्व्हरचा वेग वाढवा, सजांची पुनर्रचना करा, ही कलमं होती. वर्तमानपत्रांत ‘तलाठ्यांचा संगणकाला विरोध’ असा सूर उमटला. आम्हाला तो सूर खोटा वाटतो. विरोध करणारा माणूस सर्व्हरचा वेग वाढवा असं म्हणत नाही. पुढच्या वर्षी सरकारने तीन हजारांहून जास्त नवे सजे मंजूर केले. भरती मात्र बऱ्याच उशिराने झाली.

आता तलाठ्यांची बाजू घेतली म्हणून दुसरी गोष्ट झाकायची नाही. जुन्या पद्धतीत तलाठ्याच्या हातात सत्ता होती. दप्तर त्याच्या खांद्याला. उतारा हवा तर त्याला शोधा, चहा पाजा, पुढचं तुम्हाला माहीत आहे. वसईतल्या जुन्या पिढीला विचारा, एका उताऱ्यासाठी किती खेपा व्हायच्या. काही जणांना संगणक नकोसा होता तो याही कारणाने. आणि सत्ता नुसती जात नाही, ती जागा बदलते. तलाठ्याने खासगीत ठेवलेल्या मदतनीसाला लोक ‘झिरो तलाठी’ म्हणतात. हा शब्द राज्यभर आहे. पूर्वी तो दप्तर उचलायचा, नंतर अनेक ठिकाणी लॅपटॉप आणि सहीचा डोंगलही त्याच्या हातात दिसू लागल्याच्या तक्रारी आल्या. कायद्याने सही भाऊसाहेबांची. क्लिक कुणाचं, ते सर्व्हरला कळत नाही.

२०१७ मध्ये एक गोष्ट मात्र फार चांगली झाली. चावडी वाचन. तयार झालेले संगणकीकृत सात-बारे गावात मोठ्याने वाचून दाखवायचे, चूक असेल तर खातेदाराने तिथेच सांगायचं. ही पद्धत तशी जुनीच, महसुलात पूर्वीपासून होती. संगणकाच्या कामासाठी ती पुन्हा जिवंत केली. जरा विचार करा, किती साधं आहे हे. ज्या माणसाचं नाव आहे त्याला विचारा, हे तुझंच ना? ‘बस्त्याव’ का ‘सॅबेस्टियन’ हे सॉफ्टवेअर कधीच ठरवू शकणार नाही, पण आळीतली एखादी म्हातारी दोन सेकंदांत सांगेल. काही गावांत हे वाचन मनापासून झालं, काही गावांत कागदावर. आमचं निरीक्षण असं की जिथे वाडी कसणारे लोक अजून गावातच होते तिथे माणसं आली. जिथे मालक सकाळची लोकल पकडून चर्चगेटला जातो तिथे दुपारच्या वाचनाला कोण येणार?

आणि बायका? हा मुद्दा आम्ही मुद्दाम इथे घेतोय. कित्येक घरांत बाप वारल्यावर मुलांची नावं कब्जेदार म्हणून लागायची आणि आई-बहिणींची ‘इतर अधिकार’ या रकान्यात. कायद्याने बहिणीचा हक्क कमी नाही. वसईतल्या ख्रिस्ती घरांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. हिंदू घरांसाठी २००५ ची दुरुस्ती आहे. पण रकाना बदलला की डोळ्यांना दिसणारं बदलतं. टाइप करताना ‘इतर अधिकार’ हा रकाना सगळ्यात गिचमिड: कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीचा हिस्सा, वाट, बहिणी, सगळं एकात एक. तिथली एक ओळ सुटली तर कुणाचं नाव सुटेल? पूर्वेकडे याच रकान्यात किंवा भोगवट्याच्या शेऱ्यात आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणाचं बंधन लिहिलेलं असतं, संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चं. तो शेरा टंकताना गळला तर कायदा गळत नाही, पण उतारा बघून व्यवहार करणाऱ्याला तो दिसतच नाही. शिवाय कलम १५७ म्हणतं की हक्कनोंदीतली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरायची. म्हणजे टायपिस्टची चूकही खरी धरायची, आणि ती चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर.

१ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सात-बारा सुरू झाला. आज घरबसल्या पंधरा रुपयांत उतारा निघतो, त्यावर तलाठ्याची शाईची सही लागत नाही. आम्ही याला मोठी गोष्ट मानतो. ज्यांनी खेपा घातल्या त्यांना हे विचारा. तीस वर्षं लागली, पण झालं.

बाराव्या नमुन्याचं थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची, ई-पीक पाहणी. टाटा ट्रस्टच्या मदतीने आधी जे प्रयोग झाले त्यात आपला पालघर जिल्हाही होता. भात एके भात असलेल्या शेताला ते ठीक. निर्मळ, गास, भुईगावच्या वाडीत मात्र केळीखाली भाजी, कडेला नारळ, मध्ये फुलझाडं. मिश्र पिकाची सोय ॲपमध्ये आहे, पण क्षेत्र वाटून टाकताना कसणारा म्हातारा नातवाला हाक मारतो. म्हणजे तलाठ्याचं काम नातवाकडे गेलं! हे वाईट नाही. नातवाला निदान बांध कुठे आहे ते कळतं.

इतिहासाच्या दृष्टीने एक शेवटची गोष्ट. १९५० च्या आसपास मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून मागे पडली. तेव्हाही नवी पद्धत आली, जुनी माणसं निवृत्त झाली, आणि काही दशकांत सरकारला आपलंच दप्तर वाचता येईना. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच. आज हस्तलिखित सात-बाऱ्याच्या बाबतीत तेच होऊ घातलंय. स्कॅन झालेत, चांगलं झालं. पण ती अक्षरं, त्या खुणा, ते कडेचे शेरे वाचणारे तलाठी निवृत्त होतायत. पदाचं नावही २०२४ मध्ये बदललं, आता ग्राम महसूल अधिकारी. आमची सूचना अगदी व्यवहाराची आहे: निवृत्त तलाठ्यांना मानधन देऊन प्रत्येक मंडळात सहा महिने बसवा, आणि त्यांच्याकडून आपापल्या गावच्या जुन्या वह्यांतल्या खुणांची यादी लिहून घ्या. सॉफ्टवेअरपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल.

वेळ संपत आलीय. चॅटवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय, तो घेतो. ‘आमच्या ऑनलाइन सात-बाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलंय, काय करायचं?’

आधी ठरवा, चूक कुठली. जुन्या हस्तलिखित सात-बाऱ्यावर नाव बरोबर आहे आणि संगणकावर चुकलं, तर ती लेखनप्रमादाची चूक. त्यासाठी संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची आणि त्या फेरफाराची प्रमाणित नक्कल जोडा. फेरफाराचा नंबर सात-बाऱ्यावरच वर्तुळात लिहिलेला असतो. तो धरून मागे मागे जा, जिथे अक्षर बदललं तो कागद सापडेल. पण हिश्शाचा वाद असेल, कुणी मुद्दाम नाव वगळलं असं म्हणणं असेल, तर १५५ उपयोगाचं नाही. तिथे फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे कलम २४७ खाली अपील, आणि मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. लोक इथेच वर्षं घालवतात, चुकीच्या दारात अर्ज देऊन. आणि जुने फेरफार मोडीत निघाले तर घाबरू नका, लिप्यंतर करून देणारी माणसं आहेत. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या आणि घरात बायका-बहिणींनाही एक प्रत द्या.

पुढचा प्रश्न सोसायटीच्या जमिनीचा, डीम्ड कन्व्हेयन्सचा आहे. तो मोठा आहे, त्याच्यावर पुढच्या वेळी वेगळं बोलू.